माझ्याच अक्षरातला कागद

‘तुम्हीच की ओ लिहून दिलं, वजन उचलू नका म्हणून.’ मनगटाचं प्लॅस्टर मांडीवर सावरत मावशींनी पिशवीतून कागद काढला. दीड वर्षापूर्वीचा, अक्षर माझंच: जड उचलू नये, रोज चालावे.

मावशी एकसष्टीच्या, विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या. पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली. मांडीवर सूप, पाठीचं धनुष्य. हजार विड्या झाल्या की दिवस संपला. पाठ दुखते म्हणून आल्या, तेव्हा डेक्सात, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, टी-स्कोअर उणे २.७, हाडं विरळ झालेली. त्याआधी कुठल्या फुकट शिबिरात टाचेला यंत्र लावून घाबरवून सोडलेलं. त्या यंत्रावर निदान होत नाही, गोळ्या मात्र खपतात. हाडांच्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि चिठ्ठीवर ‘फिजिओ’ एवढंच लिहून माझ्याकडे धाडलं.

सोलापुरात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं. त्या दिवशी मावशी नळापासून मोरीपर्यंत घागरी वाहायच्या. हाडांवर ओझं पडायचं ते तेवढंच, आणि तेही मी काढून घेतलं. पाणी सून भरू लागली. मावशी इमानाने चालत राहिल्या, आणि एक दिवस ओल्या मोरीत हात टेकून पडल्या.

माझ्या कागदाने मनगट मोडलं असं नाही म्हणता येणार, ओल्या फरशीवर कुणीही घसरतं. पण मांड्यांत जोर असता तर तोल सावरला असता का, हे काही डोक्यातून जात नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, हाड झिजतं जास्त आणि भरतं कमी. नुसत्या चालण्याने त्याला फारसा फरक पडत नाही. ऑस्ट्रेलियातला २०१८ चा लिफ्टमोर अभ्यास मी वाचला होता: हाडं विरळ झालेल्या बायकांकडून, देखरेखीखाली, आठवड्यातून दोनदा अर्धा तास चांगलं जड वजन उचलून घेतलं, आठ महिन्यांत मणक्याची घनता वाढली. वाचलं होतं, धजले नव्हते.

प्लॅस्टर निघालं. आधी बोटं मोकळी केली, विडी वळणारीची सगळी कमाई तिथेच. मग घागर. एक लिटर म्हणजे एक किलो, मापाला आणखी काय हवं? घागर स्टुलावर, जमिनीवर नाही. ‘मावशी, दोन्ही हातांत सामान असलं की ढुंगणाने दार कसं लोटता? तसं मागं जायचं, पाठ सरळ.’ पाच वेळा उचलायची, दम घ्यायचा, अशा पाच खेपा. पाठ गोल झाली की तिथेच थांबवते. विरळ मणका पुढे वाकताना चेपू शकतो. अशा बायकांना पायाचे अंगठे धरायला लावणारे शिबिरवाले पाहिले की जीव वर येतो. दोन लिटरांपासून सुरुवात केली, चार महिन्यांत अकरावर आलोय.

पण घरी सून घागरीला हात लावू देत नाही. मी जुनी ओळ खोडून खाली नवीन लिहिलं, सही केली. तिने कागद उलटसुलट पाहिला आणि मावशींना म्हणाली, ‘हे खोडलं कुणी?’