ट्रॅकवरचं 'चिकन' उचललं तो शनिवार

आमच्या कार्ट ट्रॅकवर, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्यांच्या ट्रॅकवर, एक शिकेन होतं, म्हणजे सरळ रस्त्यावर मध्येच टायर रचून केलेलं डावं-उजवं वाकडं वळण, वेग तोडायला. आमची पोरं त्याला चिकन म्हणतात. वॉकीवर "चिकनात दोन गाड्या अडकल्या" ऐकू आलं की नवीन कस्टमर दचकतो. हे चिकन आधी नव्हतं. गेल्या वर्षी एक टुरिस्ट स्ट्रेटवरून, म्हणजे त्या सरळ पट्ट्यावरून, आला तो ब्रेक न मारता थेट टायरात घुसला, फासळीला चीर गेली, आणि दुसऱ्या दिवशी पात्रांवनी, म्हणजे आमच्या मालकांनी, हुकूम सोडला, वेग कमी करा. कसा ते सांगितलं नाही. मग आम्हीच साठ टायर उचलून स्ट्रेटच्या मध्यावर रचले.

मी मूळचा डिचोलीचा, आधी खाणीवर टिपर चालवायचो. 2012 ला खाणी बंद झाल्या, टिपर दारात उभा राहून गंजला, मग इकडे मडगावच्या बाजूला कार्ट ट्रॅकवर लागलो, आधी मेकॅनिकच्या हाताखाली, आता शिफ्टचा इन्चार्ज. ट्रॅकच्या कडेचे टायर पण टिपरांचेच आहेत, म्हणजे मी आणि टायर एकाच भंगारातून आलोय म्हणा.

पण खाण चालू होती तेव्हा हातात पैसा खुळखुळत होता, त्यामुळे 2011 ला मित्राबरोबर वास्कोहून निजामुद्दीनची गाडी धरून ग्रेटर नोएडाला गेलो होतो, बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली एफ-वन (फॉर्म्युला वन) रेस बघायला. शुक्रवारी प्रॅक्टिसला ट्रॅकवर कुत्रा घुसला आणि सेशन थांबवलं, सगळीकडे केवढी चर्चा, मला गोव्याचा असल्यामुळे काही नवल वाटलं नाही. आमची जागा अशी की गाड्या फुल स्पीडमध्ये समोरून जायच्या. पहिली पाच मिनिटं अंगावर काटा, आवाज छातीत घुसतो अक्षरशः, पण वीसेक मिनिटांनी लक्षात आलं की आपल्याला दिसत काहीच नाहीये. झुईंकन गेली. कोण होता? माहीत नाही. मित्र म्हणाला, हे म्हणजे कोकण रेल्वेच्या फाटकावर उभं राहिल्यासारखं झालं रे. व्हेटेल जिंकला ते पण मोठ्या स्क्रीनवर बघून कळलं. (पुढची दोन्ही वर्षं तोच जिंकला आणि मग रेसच बंद पडली.) तेव्हापासून माझ्या डोक्यात हे पक्कं बसलंय की बघणाऱ्याला मजा गाडी पळते तिथे येत नाही, गाडी थांबायला बघते तिथे येते.

तर तो शनिवार. मे महिन्याचा शेवट, उकाडा असा की हेल्मेट घातलं की डोकं शिजतंय. पुण्याच्या एका कंपनीचं बुकिंग होतं, चोवीस जण, आधी हीट्स (प्राथमिक फेऱ्या) आणि मग दोन फायनल, प्रत्येकी आठ गाड्या, बारा लॅप. त्यात एक जण स्वतःचं हेल्मेट घेऊन आलेला, ग्लोव्ह्जसुद्धा स्वतःचे. असा माणूस आला की आमचे मेकॅनिक आधीच वैतागतात कारण तो गाडीत बसायच्या आधी चेन किती सैल आहे ते वाकून बघतो आणि मग दुसरी गाडी मागतो. ह्याने पण मागितली.

पहिली फायनल हेल्मेटवाल्याने सहा सेकंदांनी जिंकली, आणि इतकी कंटाळवाणी रेस मी वर्षभरात बघितली नव्हती. चिऱ्याच्या कापणीवर आमची बघायची गॅलरी आहे, डोंगर कापून उरलेली लाल भिंत, तिच्यावर पायऱ्या आणि रेलिंग, खाली बरोबर हेअरपिन, म्हणजे गाडी जवळजवळ उलटी फिरवणारं वळण. जागा एक नंबर. पण रेलिंगला टेकलेले पंधरा-सोळा जण आणि त्यातले बारा मोबाईलमध्ये. एचआरवाली मॅडम तर रेसकडे पाठ करून फोनवर कोणालातरी हॉटेलच्या जेवणाचं सांगत होती.

रेस संपल्यावर हेल्मेटवाला खूश होऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, ट्रॅक छोटा आहे पण ते शिकेन भारी बसवलंय हां. खरी ड्रायव्हिंग तिथेच आहे."

मी म्हटलं, तुम्हाला आवडलं, वरच्यांना झोप आली.

मग तो सुझुकावर घसरला. जपानचा तो ट्रॅक, आठाच्या आकड्यासारखा, स्वतःलाच पुलावरून ओलांडून जातो. तिथे सुरुवातीला डावी-उजवी वळणं एकामागून एक अशी आहेत की पहिल्यात हातभर चुकलास तर लगेच काही होत नाही, तिसऱ्या-चौथ्यात जाऊन त्याचं बिल येतं. ड्रायव्हर लोक जीव टाकतात त्या वळणांवर. पठ्ठ्याचं म्हणणं, तुमचं शिकेन तसंच आहे, घाई केली की बाहेर पडताना गाडी मरते. आणि ते खरंच आहे, कार्टला डिफरन्शियल नसतो, मागचा अ‍ॅक्सल एकच दांडा, दोन्ही चाकं बरोबर फिरतात, म्हणून वळताना आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं पाहिजे. स्टिअरिंग नको तेवढं पिळलं की चाकं घासतात आणि साडेआठ-नऊ हॉर्सपॉवरचं बिचारं इंजिन गुदमरतं, मग परत वेग पकडेपर्यंत स्ट्रेट संपलेली असते.

पण मी त्याला म्हटलं, साहेब, ते एकट्याने चालवायला ठीक. मोनॅकोची एफ-वन बघा ना, शनिवारी सुटायचा नंबर ठरवायला एकेक जण भिंतीला घासून लॅप मारतो तेव्हा श्वास अडकतो, आणि रविवारी? 2024 ला पहिले दहा जण ज्या नंबरने सुटले त्याच नंबरने पोचले. गणपतीची मिरवणूक तरी बरी, त्यात कोणीतरी नाचतो. आणि अबू धाबी आठवतंय का, 2010? अलोन्सो पेट्रोव्हच्या मागे जवळजवळ 40 लॅप अडकून राहिला, वर्ल्ड चॅम्पियनशिप गेली हातची. तिथे लांब स्ट्रेटच्या आधी हेअरपिन होता, आणि त्या हेअरपिनच्या तोंडाशी शिकेन घालून ठेवलेलं. सगळ्या गाड्या त्यात एकेक करून शिरायच्या, एकेक करून निघायच्या, पुढचा आधी अ‍ॅक्सिलरेटर दाबणार आणि मागचा नंतर, की परत अंतर पडलं. शेवटी 2021 ला त्यांनी ते शिकेन काढून टाकलं आणि हेअरपिन रुंद केला.

तो हसला, म्हणाला, म्हणजे तुमच्या ट्रॅकचा आजार तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं आजार माहीत आहे, डॉक्टर दुसरा आहे.

हे बोलतोय तोवर आभाळ काळं झालं आणि धो धो आला. वळीव तो, वीस मिनिटांत थांबला, पण जाताना चिऱ्याच्या कापणीवरची सगळी लाल माती खाली घेऊन आला. गटार तुंबलेलं (साफ करायला तीनदा सांगितलं होतं, असो), आणि सगळा गाळ येऊन बसला तो बरोबर चिकनात. पहिल्या पावसातली लाल माती डांबरावर बसली की साबणाच्या वर. मी बूट घालून चालून बघितलं तर मीच घसरलो.

आता पर्याय काय, एक तर दुसरी फायनल कॅन्सल करून पैसे परत, नाहीतर टायर उचलायचे, गाळ खराट्याने आणि पाइपने धुवायचा. टायर उचलायचेच आहेत तर परत तिथेच कशाला ठेवायचे, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला ते सांगता येणार नाही, पण आला. पात्रांवना तीन फोन लावले. लग्नात होते कुठेतरी, बँडच्या आवाजात कसला फोन ऐकू येतोय.

आमचा सगळ्यात जुना मार्शल आधी मडगावला पायलट होता, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, विमानवाला नव्हे. आम्ही त्याला पायलटकाका म्हणतो. त्याला विचारलं, काका, काय करायचं? तो म्हणाला, "मागच्या वेळी तो वेगामुळे लागला नाही रे, भिंतीला टायरांचा एकच थर होता म्हणून लागला. हे सगळे नेऊन तिथे लाव." एवढं साधं. वर्षभर आम्ही साठ टायर चुकीच्या जागी ठेवून बसलो होतो.

सहा पोरं, पाऊण तास. हेअरपिनच्या बाहेरच्या बाजूला दुसरा आणि तिसरा थर उभा केला, नायलॉनच्या पट्ट्यांनी आवळला, आणि शेवटचे दोन लॅप मी स्वतः मारून बघितले. खरं सांगतो, मोकळ्या स्ट्रेटवरून त्या वळणाकडे जाताना पोटात गोळा आला, माझ्या, जो इथे रोज असतो. हीच ती गोष्ट जी चिकनाने खाऊन टाकली होती. ब्रेक कधी मारायचा हा प्रश्नच उरला नव्हता कोणाला.

सुरू करायच्या आधी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहे, वळणात मारलात तर गोल फिराल, सरळ असतानाच मारा. पायलटकाकाने आपलं एक वाक्य जोडलं, "पावसात सगळे जातात त्या रेषेवरून जाऊ नका." लोकांना वाटलं म्हातारा तत्त्वज्ञान सांगतोय. पण साधी गोष्ट आहे, रोजच्या रेषेवर टायरचं रबर घासून घासून डांबर गुळगुळीत झालेलं असतं, सुक्यात तीच रेषा चिकटते आणि ओल्यात तीच घसरते. बाहेरचं खरखरीत डांबर तेव्हा बरं. मोठ्या रेसमध्ये पण पावसात ड्रायव्हर बाहेरून वाट शोधताना दिसतात ते ह्याच्याचसाठी. काकाला हे बसस्टँडसमोर सांडलेल्या डिझेलने शिकवलं.

दुसरी फायनल. ह्यात हेल्मेटवाला पण होता, पहिल्या रेसचे पहिले तिघे परत घेतले होते, मागून सोडले. पहिल्या दोन लॅपमध्ये काहीच नाही, सगळे घाबरून. तिसऱ्या लॅपला एक जाडजूड गृहस्थ, अकाउंट्सवाले, पहिल्यांदाच कार्टमध्ये बसलेले, ते स्ट्रेटवर डावीकडे राहिले आणि बाहेरच्या खरखरीत पट्ट्यावरून आरामात दोघांना मागे टाकून गेले. वरून जी आरोळी उठली ती मी चिकन आल्यापासून ऐकली नव्हती. मग सुरूच झालं. हेअरपिनला आमचा रस्ता आठ मीटर रुंद आहे, दोन गाड्या शेजारी-शेजारी आत शिरू शकतात. आतून घुसणारा उशिरा ब्रेक मारतो, पुढे जातो, पण वळणातून निघताना रुंदीला फेकला जातो. बाहेरचा जरा थांबून उशिरा वळतो आणि आतून परत पुढे. मागचा पुढे, पुढचा मागे, एकाच वळणात दोनदा. वरच्या लोकांना हे सगळं दहा मीटरवरून, गाड्या स्लो असताना, चेहऱ्यावरचे भाव दिसतायत अशा अंतरावर. एचआर मॅडम छत्री बंद करून तीच रेलिंगवर आपटत होती.

सातव्या लॅपला एक मुलगा खूपच उशिरा ब्रेकला गेला, गाडी आडवी झाली आणि सरळ टायरात. मी पिवळा झेंडा दाखवायला सांगून धावत गेलो, माझ्या डोक्यात तोच फासळीवाला. तीन थर आत दबले होते, मुलगा बसल्या जागी हसत होता, गुडघा खरचटलेला, टाय रॉड (स्टिअरिंगचा दांडा) वाकलेला. बस. तरी माझे हात कापत होते, ते थांबायला दोन लॅप लागले, आणि तो हसत होता म्हणून मी त्याच्यावर ओरडलो पण.

हेल्मेटवाला आठवरून तिसरा आला. अकाउंट्सवाले चौथे. खाली उतरल्यावर हेल्मेटवाला मला म्हणाला, "दादा, माझ्यासाठी आधीचाच ट्रॅक चांगला होता." मग पाणी पिऊन परत येऊन म्हणाला, "पण सहा सेकंदांनी जिंकलो तेव्हा एकाने पण व्हिडिओ काढला नव्हता." आणि मोबाईलवर त्याला आलेले सात व्हिडिओ दाखवत बसला.

पात्रांव सोमवारी आले. न विचारता केलं म्हणून जे ऐकायचं ते ऐकलं, वाकलेल्या टाय रॉडचे पैसे माझ्या नावावर लागले. मग ते स्वतः हेअरपिनपर्यंत चालत गेले, टायरांचे तीन थर बुटाने दाबून बघितले आणि परत ऑफिसात गेले. काही बोलले नाहीत.

आता असं चाललंय की आठवडाभर, टुरिस्ट आणि लहान पोरं असतात तेव्हा, चिकन जागेवर. शनिवारी ग्रुप बुकिंग असलं की उचलायचं. हेअरपिनचे तीन थर मात्र कायमचे, त्यामुळे चिकनासाठी कुडचड्याहून आणखी चाळीस टायर आणावे लागले. डांबरावर पिवळ्या रंगाने खुणा करून ठेवल्यात कुठला टायर कुठे ते, आणि पोरं शुक्रवारी रात्री विचारतात, उद्या व्हेज की नॉनव्हेज.