वळवाच्या वाऱ्यात एवढा जोर येतो कुठून?

मे महिन्यात दुपारी तीन-चारला सिन्नरच्या बाजूने आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो आणि कांदा चाळीचे पत्रे शेजारच्या वावरात जाऊन पडतात. पाऊस? कधी कधी चार थेंब.

हा जोर वाफेतला. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता लागते. उन्हाने ती समुद्रावर खर्च केलेली असते. वाफ ती घेऊन इथवर येते आणि ढगात पुन्हा पाणी होताना सगळी सोडून देते. हिशेब मांडून बघा. एक चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी, आणि त्यातून सुटलेली उष्णता जवळपास ७ लाख युनिट. आपलं नाशिकजवळच्या एकलहऱ्याचं ६३० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र पूर्ण क्षमतेने तासभर चाललं तरी ६.३ लाखच युनिट होतात. यातला फार थोडा भाग वाऱ्याच्या वाट्याला येतो, पण तेवढाही पुष्कळ झाला.

किलोभर हवेत १ ग्रॅम वाफेचं पाणी झालं की ती हवा अडीच अंशांनी तापते. तापली की हलकी होते, म्हणून ढग वर चढत जातो. पत्रे मात्र वर चढणाऱ्या हवेने उडत नाहीत, खाली कोसळणाऱ्या हवेने उडतात, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

हवा जितक्या अंशांपर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं, तो तिचा दवबिंदू. तापमानातून दवबिंदू वजा करा आणि १२५ ने गुणा. ढगाचा तळ साधारण किती मीटरवर आहे ते कळतं. तापमान ३८, दवबिंदू १८ असेल तर तळ २५०० मीटरवर. त्याखालची हवा कोरडी, त्यामुळे पडणारा पाऊस वाटेतच सुकतो आणि तोच हिशेब उलटा फिरतो: १ ग्रॅम पाणी सुकलं की किलोभर हवा अडीच अंशांनी गार. गार हवा जड होऊन खाली आदळते आणि जमिनीवर चौफेर पसरते. पावसाआधी अंगावर येणारा गार झोत तो हाच. चार थेंबांच्या पावसात वारा जास्त का, तेही यातच आलं.

तेव्हा अ‍ॅपमध्ये नुसतं तापमान बघू नका. ४० अंशांत दवबिंदू ८ असेल तर रखरखाटच. १८ च्या वर गेला तर दुपारी आभाळावर लक्ष ठेवा.

ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे २४ किलो भरतो, म्हणजे दहा बाय तीन फुटी पत्र्यावर ६५ किलोच्या पुढे. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. छपराच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर वरची ओढ सगळ्यात जास्त असते, म्हणून आधी तेच पत्रे सुटतात. तिथे जे-हुक (पत्रा खालच्या पाइपाला पकडून ठेवणारे वाकडे हुक) मधल्यापेक्षा निम्म्या अंतरावर लावा आणि वाळलेले रबरी वायसर बदला, नाहीतर हुक जागेवर राहतो आणि भोक फाटून पत्रा निघून जातो. पॉलिहाऊसचे वाऱ्याकडचे पडदे धुळीचा लोट दिसताक्षणी बंद करा. वारा आत शिरला की आतून रेटा आणि वरून ओढ असं दोन्ही एकदम बसतं, मग प्लास्टिक वाचत नाही.