रात्री अकराचा सोफा

आमच्या डोंबिवलीच्या घरातला हॉल चौदा फूट लांब आणि सव्वानऊ फूट रुंद आहे, हे मला गेल्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हते. घर घेताना बिल्डरच्या नकाशावर आकडे पाहिले असतील, पण त्यानंतर खोली मोजण्याचे कारणच पडले नव्हते. ते पडले जुन्या सोफ्यामुळे. तो तपकिरी रेक्झिनचा होता, सणाच्या सवलतीत घेतला होता आणि तिसऱ्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटू लागले होते. पाहुणे उठून निघाले की त्यांच्या पाठीला चिकटून आमच्या सोफ्याचा काही अंश त्यांच्यासोबत जात असे. दोष आमच्या वापराचा नव्हता. रेक्झिन म्हणून जे मिळते ते बहुधा कापडावर चढवलेला पातळ थर असतो. तो पॉलियुरेथेनचा असेल तर खाडीकाठच्या दमट हवेत ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, आणि मग कितीही पुसा, जपा, तो सुटायचा तो सुटतोच. दुकानदार मात्र ‘मॅडम, नुसते ओल्या फडक्याने पुसायचे’ एवढेच सांगतो.

नवा सोफा घ्यायचा म्हटल्यावर तो सोफा-कम-बेडच असणार, यावर घरात चर्चाही झाली नाही. वन बीएचकेच्या घरात आम्ही चौघे. आतल्या खोलीत आम्ही दोघे आणि पलंगाशेजारच्या दिवाणावर सासूबाई, हॉलमध्ये मुलगा. तो इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, रात्री एकपर्यंत जागतो आणि पाच फूट अकरा इंच उंच आहे. सासूबाई पहाटे पाचला उठतात, आणि त्यांचे दोन्ही गुडघे कुरकुरतात. म्हणजे एकाच वस्तूवर रात्री एका लांब माणसाने झोपायचे आणि दिवसा एका ठेंगण्या माणसाने बसायचे, अशी ही मागणी होती. फर्निचरच्या जाहिरातीत असे कुटुंब कधी दिसत नाही. तिथे एक तरुण जोडपे असते, आणि सोफ्यामागे आमच्या अख्ख्या घराएवढी मोकळी जागा असते.

माझे माहेर नायगावच्या बीडीडी चाळीतले. १६० चौरस फुटांच्या त्या खोलीत आम्ही सातजण राहत होतो, आणि खोलीत फर्निचर म्हणावे अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे लोखंडी कॉट. रात्री कॉटवर आजोबा झोपत, आम्ही खाली, आणि काका गॅलरीत. सकाळी सगळ्यांच्या वळकट्या कॉटवर भिंतीकडेने रचल्या जात, त्यांवर भरतकाम केलेली चादर पडे, आणि आलेला पाहुणा त्या चळतीला पाठ टेकवून निवांत चहा पीत असे. आपण कोणाच्या तरी अंथरुणाला टेकून बसलो आहोत हे त्यालाही माहीत असे, कारण त्याच्या घरीही तेच होते. हा सगळा बदल घडवायला आईला पाच-सात मिनिटे लागत आणि तिला त्यात कोणी मदत केल्याचे मला आठवत नाही. सोफा-कम-बेड हा शब्द तेव्हा आमच्या कानावरही आला नव्हता.

आम्ही आधी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो. तिथे दुकानांची रांगच आहे आणि प्रत्येक दुकानात एक चपळ मुलगा असतो, जो आपण काही विचारण्याआधीच एका हाताने पट्टा ओढून सोफ्याचा पलंग करून दाखवतो. ही कला जुनी आहे. न्यूयॉर्कमधल्या बर्नार्ड कॅस्ट्रो या सोफे बनवणाऱ्याने १९४८ साली दूरचित्रवाणीवर जाहिरात केली, तिच्यात त्याची चार वर्षांची मुलगी एकटीच सोफा उघडून त्याचा पलंग करते. पुढे ती जाहिरात अमेरिकेत घरोघरी पोचली. पण त्या मुलीच्या सोफ्यासमोर टीपॉय नव्हते, टीपॉयवर वर्तमानपत्र, चष्म्याचे घर आणि गोळ्यांचा डबा नव्हता, आणि सोफ्यावर कोणी मालिका बघत बसलेले नव्हते. उल्हासनगरच्या त्या मुलालाही यांतले काही हलवावे लागत नाही. दुकानात आपण सोफा तपासतो, पलंगही तपासतो. सोफ्याचा पलंग होतानाची ती पाच मिनिटे मात्र कोणी तपासत नाही, आणि लहान घरात रोज दोन वेळा जगायची असतात ती नेमकी तीच.

ही अक्कल मला दुकानात सुचली नाही, घरी आल्यावर वर्तमानपत्रांनी शिकवली. आवडलेल्या सोफ्याची मापे लिहून आणली होती. तो पुढच्या बाजूला उघडणारा होता, आणि पूर्ण उघडल्यावर पाठीसकट सहा फूट दहा इंच जागा व्यापणार होता. रद्दीतली पाने जमिनीवर पसरून, चिकटपट्टीने जोडून आम्ही त्या मापाचा कागदी पलंग तयार केला. समोर टीव्हीचे सोळा इंची कपाट. दोहोंच्या मधे उरले तेरा इंच. आमच्या घरात आतल्या खोलीतून न्हाणीघराकडे जायची वाट हॉलमधून आहे. सासूबाई त्या तेरा इंचांतून एकदा जाऊन आल्या, आणि वर्तमानपत्रावर पाऊल न ठेवता त्यांना ते जमले नाही. ‘रात्री अंधारात मी नातवाच्या पोटावर पाय देईन,’ एवढेच त्या म्हणाल्या, आणि तो सोफा बाद झाला. कागदी पलंग आम्ही तसाच रात्रभर राहू दिला. सकाळपर्यंत त्याची तीन ठिकाणी फाटलेली पाने पाहून रात्री किती जण कितीदा उठले याचा हिशेब लागला.

त्यानंतर मी टेप घेऊनच दुकानांत जाऊ लागले. बैठकीची उंची सतरा-अठरा इंच असली की गुडघेदुखीच्या माणसाला हातावर फार भार न देता उठता येते. हल्लीचे देखणे सोफे मात्र चौदा-पंधरा इंचांवर आलेले असतात. खोलीची, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतच्या अंतराची, गोष्ट त्याहून अवघड आहे. वीस ते बावीस इंच खोली असेल तर पाय जमिनीला टेकतात आणि पाठही टेकते. एका दुकानात सव्वीस इंच खोलीच्या सोफ्यावर सासूबाई बसल्या, त्यांची पाठ टेकली तेव्हा पाय अधांतरी झाले, आणि त्यांनी मला विचारले, ‘अगं, हा सोफा आहे की विहीर?’ पण माझा नवरा सोफ्यावर कधीच पाय सोडून बसत नाही, तो मांडी घालतो, आणि मांडीला बावीस इंच पुरत नाहीत. सोफा खुर्चीसारखा वापरावा असे तो बनवणाऱ्याला कितीही वाटले तरी आपल्याकडे तो शेवटी पाटासारखाच वापरला जातो.

फोमच्या बाबतीत दुकानदार तळवा दाबून दाखवतात आणि ‘बत्तीस डेन्सिटी’, ‘चाळीस डेन्सिटी’ असे मंत्र म्हणतात. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोंमधले वजन. तो फोम कडक आहे की मऊ हे सांगत नाही. एकाच डेन्सिटीचे दोन फोम दाबायला वेगवेगळे लागू शकतात. एवढे खरे, की हलका फोम लवकर बसतो आणि रोज झोपायच्या जागी वर्षभरात खड्डा पडतो. आकडा वजनाचा असेल तर तळव्यापेक्षा तराजू बरा, असे म्हणून आम्ही पुढे जेव्हा साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि चार इंच जाड फोम घेतला, तेव्हा तो खालच्या रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला टांगला. चाळीस डेन्सिटीचा असेल तर तो सहा किलोंच्या थोडा वर भरायला हवा होता, बत्तीसचा असता तर पाचच्या आत. काटा सहाच्या पुढे गेला. रद्दीवाल्याने त्याचा भाव विचारला.

वरच्या ओळींवरून कळलेच असेल की आम्ही सोफा-कम-बेड घेतला नाही. सुताराकडून दिवाण करून घेतला, आणि त्याचे श्रेय सुतारालाच आहे. त्याने आमचे म्हणणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘ताई, रोज एकच माणूस झोपणार ना? मग रोज उघडायचे कशाला?’ या साध्या प्रश्नापर्यंत आम्ही पाच आठवड्यांत पोचलो नव्हतो. बैठक तीस इंच रुंद केली की ती एका माणसाचा पलंग झाली. पाठीशी आठ इंच जाडीचे लोड ठेवले की उरले बावीस इंच, म्हणजे सासूबाईंचे माप. लोड काढले की नवऱ्याची मांडी मावते. पाहुणे आले तर पुढचा भाग ओढायचा. दोन कंगव्यांचे दात एकमेकांत अडकवावेत तशा पट्ट्या बसवल्या आहेत, त्या सरकून पाच फुटांचा पलंग होतो, आणि तरीही टीव्हीच्या कपाटापर्यंत जवळजवळ तीन फूट वाट राहते. उंची अठरा इंच. खालच्या पेटीत पाहुण्यांची कापसाची गादी तीन घड्या करून राहते आणि तिच्या कडेला मुलाची दुलई. दुकानात पाहिलेल्या बहुतेक सोफ्यांना पलंग होता, पण दिवसा अंथरूण कुठे ठेवायचे याचे उत्तर नव्हते. झोपणारा माणूस उशी-पांघरुणाशिवाय झोपतो अशी काहीतरी समजूत असावी. शिवाय दिवाण नटबोल्टांचा असल्यामुळे सुट्या भागांत तिसऱ्या मजल्यावर आला. तो जुना सोफा चढवताना जिन्याच्या वळणावर भिंतीचा जो टवका उडाला होता, तो सोसायटीच्या सभेत अजून निघतो.

सोफा हा शब्द मूळ अरबी सुफ्फा, म्हणजे ओटा किंवा चौथरा, यावरून आला. मदिनेच्या मशिदीतल्या अशाच एका ओट्यावर ज्यांना घर नव्हते असे लोक राहत आणि रात्री तिथेच निजत. तेव्हा बसायच्या जागेवर झोपणे ही लहान घराची तडजोड असल्याचे मी आता मानत नाही, निदान शब्द तरी माझ्या बाजूचा आहे.

दिवाण येऊन चार महिने झाले. पट्ट्या ओढायची वेळ आजवर दोनदाच आली, एकदा नणंद मुलांना घेऊन आली तेव्हा आणि एकदा मुलाचा मित्र शेवटची लोकल चुकल्यामुळे राहिला तेव्हा. एरवी रात्री अकराला मुलगा तीन लोड उचलून टीपॉयवर रचतो, खालून दुलई काढतो, आणि काम संपते. पहाटे पाचला सासूबाई चहाचा कप घेऊन हॉलमध्ये येतात. दिवा लावत नाहीत. साडेसहा फुटांच्या दिवाणात मुलाच्या पायांपलीकडे सहा-सात इंच उरतात, तेवढ्या कडेवर त्या टेकतात, आणि तो झोपेतच पाय पोटाशी घेतो.