तुम्ही विचारलेत म्हणून: फिकट लाल वाइन आणि तिच्याबरोबरचे खाणे

माझ्याकडे जेवायला येणारी माणसे पेला उजेडात धरून पाहतात आणि वाइनमधून पलीकडची बोटे दिसली की जराशी हिरमुसतात. मग ठरलेला प्रश्न येतो: थंड हवामानातली, कोणा लहान उत्पादकाने मोजकी पिंपे भरून केलेली ही फिकट लाल वाइन तुम्ही इतकी का जपता, आणि तिच्याबरोबर खायचे तरी काय? तोंडी उत्तर देताना दरवेळी काहीतरी राहून जाते, म्हणून या वेळी लिहूनच देते.

रंगाचा खुलासा सोपा आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस रंगहीनच असतो. लाल वाइनला रंग मिळतो तो सालीतून आणि तुरटपणा मुख्यतः साल व बिया यांतून. माझी आवडती जात पिनो न्वार. तिची साल पातळ आणि तिच्यात रंगद्रव्य कमी, त्यामुळे वाइन फिकट दिसते. तिचे खरे बळ आंबटपणात असते. हिरव्या सफरचंदाला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल द्राक्षातही असते आणि उष्ण हवेत फळ पिकताना ते झपाट्याने खर्च होते. थंड प्रदेशात ते अधिक काळ टिकते, साखर सावकाश भरते आणि मद्यार्क बहुधा १२ ते १३.५ टक्क्यांच्या आसपास राहतो. पुढे जिवाणू या आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात खरे, पण द्राक्षातले दुसरे, टार्टरिक आम्ल शाबूत असते आणि चवीची धार जात नाही. या थंडीची किंमतही मोजावी लागते. पिनो न्वारला कोंब लवकर फुटतात आणि वसंतातल्या गोठवणाऱ्या दहिवराच्या एका रात्रीत वर्षाचे पीक जाऊ शकते. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समधील बर्गंडीत बागायतदार रात्रभर वेलींमध्ये मेणबत्त्या पेटवून बसले होते, तरी अनेकांचे मोठे नुकसान झाले.

‘लहान उत्पादन’ या शब्दांनी मात्र भारावून जाऊ नये. बर्गंडीचे पारंपरिक पिंप २२८ लिटरचे असते, त्यातून जेमतेम ३०० बाटल्या निघतात. म्हणजे पाच पिंपे भरणाऱ्याकडे वर्षाला दीड हजार बाटल्या. एवढ्या कामात किण्वनाच्या वेळी वर तरंगून आलेला सालींचा थर हाताने खाली दाबता येतो आणि प्रत्येक पिंपाची चव घेऊन निर्णय करता येतो, हा फायदा खरा. पण वाईट वाइनसुद्धा थोडीच करता येते, आणि ती मी प्यायले आहे.

आता खाण्याविषयी. तांबड्या मांसाबरोबर लाल वाइन हा नियम येथे बाजूला ठेवावा आणि समोरच्या पदार्थात आंबटपणाने कापता येईल असे स्निग्ध काय आहे, एवढे पाहावे. मला हे उशिरा उमगले. एकदा बाहेरून काळपट होईपर्यंत भाजलेल्या गोमांसाच्या जाड तुकड्याबरोबर मी मोठ्या हौसेने माझी उत्तम बाटली उघडली, आणि दुसऱ्या घासानंतर पेल्यात नुसते आंबट पाणी उरल्यासारखे वाटले. अशा मांसाला भरपूर टॅनिनची, म्हणजे साली-बियांतल्या तुरट द्रव्याची, वाइन लागते, कारण लाळेतील प्रथिनांना धरून तोंड कोरडे करणारे टॅनिन मांसाच्या प्रथिनांत आणि चरबीत गुंतून मऊ पडते. आमच्या या वाइनजवळ तेवढे टॅनिनच नसते.

तिचे खरे सोबती म्हणजे अळंबी. कढईत गर्दी न करता ती टाकावीत, त्यांचे पाणी सुटून पूर्ण आटेपर्यंत हात आवरावा, आणि कडा तांबूस होऊन चुरचुर आवाज बदलला की मगच लोणी, मीठ आणि थाइमची दोन पाने घालावीत. अळंबीतल्या गाढ, उमामी चवीमुळे टॅनिन अधिक कडू लागते, म्हणून भरपूर टॅनिनची वाइन तिच्यापुढे कडवट होते. येथे ते संकट नाही, आणि मीठ उरलासुरला कडवटपणाही झाकते. पिनोला चार-सहा वर्षांनी येणारा ओल्या पानगळीचा वास आणि कढईतला वास यांत मग फारसे अंतर राहत नाही.

बदकाचे मांसही उत्तम, कातडीकडची बाजू खाली ठेवून थंड तव्यापासून मंद आचेवर चरबी वितळवलेले. त्यावर चेरीचा गोड रस्सा ओतण्याची पद्धत मला पटत नाही. वाइनला चेरीचा वास येतो हे खरे, पण गोड पदार्थानंतर तीच वाइन आंबट आणि रोडकी लागते. उलट सिरक्याने आंबट केलेल्या सॅलडनंतर ती बेचव लागते. तिखटाबरोबर मद्यार्काची जळजळ वाढते, म्हणून मिरची बेतानेच. मासे चालतील का, तर चरबीदार सामन चालतो. लाल वाइनबरोबर माशाचा उग्र वास येतो त्याचे एक कारण वाइनमधील लोह असल्याचे जपानमधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले; बांगड्याच्या वाटेला मी स्वतः जात नाही.

मिरपूड घातलेल्या पदार्थांसाठी थंड प्रदेशातली शिराज या जातीच्या द्राक्षांची वाइन घ्यावी. तिच्यातला मिऱ्याचा वास रोटंडोन या द्रव्याचा. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये ते शिराजमध्ये असल्याचे दाखवले आणि काळ्या मिऱ्यातही तेच असते. सुमारे पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही, तेव्हा टेबलावर कोणी ‘कुठे आहे मिरे?’ म्हणाले तर वाद घालू नये.

एवढे सगळे जमवून वाइन कोमट दिली तर मद्यार्क नाकात भरतो आणि फळाचा वास मागे पडतो. साधारण १४ ते १६ अंश सेल्सिअस हे तिचे तापमान. उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, त्याहून फार गार करू नये, कारण मग असलेले थोडे टॅनिनही बोचते. उरलीच तर बूच लावून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी उरलेली अळंबी पावावर घालून तिच्याबरोबर संपवावी. माझ्या घरी सहसा एवढी उरत नाही.