रुग्णांना बैठकीला बोलावताय? मग आधी एवढं ठरवा

सरकारी मानसोपचार ओपीडीत 'रुग्णांचा सहभाग' म्हणजे बरेचदा भिंतीवरची सूचनापेटी. ज्याला लिहिता येत नाही त्याला तिचा उपयोग नाही, आणि ज्याला येतं तोही औषध बंद होईल या भीतीनं काही टाकत नाही. रुग्णांचं खरंच ऐकायचं असेल तर त्यांना बोलवावं लागतं, येण्याचा खर्च द्यावा लागतो, आणि त्यांनी सांगितलेल्याचं पुढं काय झालं ते परत कळवावं लागतं. ही तिसरी गोष्टच बहुतेक ठिकाणी राहून जाते.

कायदा या बाबतीत रुग्णाच्या बाजूनं आहे, पण अर्धाच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या पुनर्विलोकन मंडळावर (रुग्णांच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळावर) सहापैकी दोन जागा रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी आहेत. त्या 'किंवा'मुळं दोन्ही जागा संस्थांच्या कार्यकर्त्यांना देऊनही नियम पाळल्यासारखं होतं. कलम २८ नुसार सेवेतल्या त्रुटीबद्दल तक्रार करता येते. पण तक्रार चूक झाल्यावर होते. रांग कशी लावायची, औषध किती दिवसांचं द्यायचं हे ठरताना रुग्ण तिथं असायला हवा, त्यासाठी रुग्णांचा गट लागतो.

गट सहा ते आठ जणांचा पुरे. नातेवाईकांची बैठक वेगळी घ्या. एकत्र बसवलं की आई किंवा नवरा बोलतो आणि रुग्ण मान हलवतो. नातेवाईकांचं म्हणणंही महत्त्वाचं असतं, पण ते वेगळं असतं: त्यांना वाटतं गोळी चुकू नये, रुग्णाला वाटतं गोळीनं येणारी गुंगी कमी व्हावी. निम्म्या बायका असू द्या. डॉक्टरांना आवडणारे, वेळेवर येणारे, न भांडणारे रुग्ण निवडायचा मोह टाळा. मध्येच औषध सोडलेला माणूस सेवेबद्दल सगळ्यात जास्त सांगू शकतो.

जागेचा प्रश्न कोल्हापुरात मोठा आहे. बैठक फक्त सीपीआरमध्ये, म्हणजे शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात ठेवली तर शहर आणि करवीरचीच माणसं येतात. चंदगड, आजरा, भुदरगडच्या लोकांसाठी गडहिंग्लज जवळ पडतं, तिथं दुसरी बैठक घ्या. इचलकरंजीतल्या यंत्रमाग कामगाराला पाळी संपल्यावरच वेळ मिळतो. शेतात उसाची तोड आली की शेतकरी घर सोडत नाही, त्यामुळं हंगामात तारीख त्यांना विचारूनच ठरवा. एसटीचं भाडं आणि बुडालेली हजेरी त्याच दिवशी, रोख, उठायच्या आत. खात्यावर नंतर येतील म्हटलं की पुढच्या वेळी खुर्च्या रिकाम्या.

पहिल्या दोन बैठकांत मत मागू नका. ओपीडी कशी चालते, औषधं कुठून येतात, कोणती गोष्ट या रुग्णालयाच्या हातात आहे आणि कोणती नाही, एवढंच सांगा. सहभागाचा उपचारावर परिणाम होणार नाही हेही तोंडी आणि स्पष्ट सांगा. तिसऱ्या बैठकीत कागदावर एक भेट मांडा: घरातून निघणं, केसपेपर, रांग, डॉक्टर, औषध खिडकी, परतीची एसटी. प्रत्येक टप्प्याला किती वेळ गेला आणि कुठं अडलं एवढंच विचारा. 'तुम्हाला काय वाटतं?' विचारलं की 'सगळं बरं आहे' हेच उत्तर मिळतं.

अशा मांडणीतून काय हाती लागतं त्याचं एक उदाहरण. लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी मोजायची असते. राधानगरीकडून पहाटे निघणारा माणूस चहाबरोबर सकाळची गोळी घेऊनच निघतो. मग पातळी खोटी जास्त दिसते, आणि डोस विनाकारण कमी होऊ शकतो. रक्त दिल्यावरच सकाळची गोळी घ्या, ती सोबत आणा, हे केसपेपरवर ठळक लिहिलं की काम झालं. डॉक्टरांना नियम माहीत असतो, पण घरातून निघताना काय होतं ते रुग्णालाच माहीत असतं.

डॉक्टर बैठकीला शेवटच्या अर्ध्या तासातच यावेत. सुरुवातीपासून बसले की सगळे आपापल्या गोळ्यांबद्दल विचारू लागतात. वहीत तीन रकाने ठेवा: अडचण, कोण करणार, कधीपर्यंत. पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच पानानं. 'हे जमणार नाही, कारण औषधखरेदी वरून होते' असं उत्तरही चालतं. काहीच उत्तर न मिळणं मात्र चालत नाही. दोनदा तसं झालं की लोक यायचे थांबतात, आणि दोष रुग्णांच्या 'अनास्थे'ला दिला जातो.

गुप्ततेची काळजी साध्या गोष्टींत चुकते. व्हॉट्सॲप ग्रुप केला की सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि गावात बातमी जाते, म्हणून एकेकाला फोन करा. बैठकीचा फोटो काढू नका, वर्तमानपत्राला तर नकोच.

नेपाळमध्ये चितवन जिल्ह्यात रुग्णांनी स्वतः काढलेल्या फोटोंच्या आधारे आपल्या बरं होण्याची गोष्ट प्राथमिक केंद्रांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात सांगितली. आपल्याकडं हे करून बघण्यासारखं आहे, पण घाई नको. आपली गोष्ट कुठं थांबवायची, कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, हे सांगणाऱ्यानं आधी ठरवलेलं असावं, आणि ऐन वेळी नाही म्हटलं तरी त्याचं त्या दिवसाचं मानधन द्यावं.

गटातल्या कुणाचा आजार उलटला तर त्याची जागा काढून घेऊ नका. कुणाला फोन करायचा, कोणत्या लक्षणांवर करायचा, हे त्या माणसाकडून तो बरा असतानाच लिहून घ्या. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच कागदावर असू द्या. तो परत येईपर्यंत खुर्ची त्याच्याच नावानं ठेवा आणि मधल्या बैठकांत काय ठरलं ते कळवत राहा.