लिस्बनला परत का गेले नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खाण्यापिण्यासाठी जगातलं एकच शहर सांग म्हटलं की मी लिस्बन म्हणते. लगेच पुढचा प्रश्न येतोच: मग 2018 नंतर परत का नाही गेलीस? टोकियोला तर दोनदा जाऊन आलीस!

आले. मलेशियात पेनांगच्या जॉर्ज टाउनमध्ये रस्त्यावर जे खाल्लं ते लिस्बनपेक्षा सरस होतं, हेही कबूल. पण लिस्बनला आई बरोबर होती. पोर्तुगीज मेन्यूत आपलाच 'बटाटा' शब्द सापडल्यावर ती शाळकरी मुलीसारखी हसली. रुआ दो आर्सेनाल या रस्त्यावरच्या दुकानांत खारवलेला कॉड मासा, त्यांचा बाकाल्याऊ, फळ्यांसारखा रचलेला होता. तिने वाकून वास घेतला. हा मासा बहुतेक नॉर्वेहून येतो असं मी सांगितल्यावर म्हणाली, "दुसऱ्याच्या माशावर एवढा तोरा? आपले सुके बोंबील निदान आपले तरी."

त्याच दुपारी अल्फामा या जुन्या वस्तीतल्या एका खानावळीत बसलो. न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह पुढ्यात आले. आईने पाव मोडला. बिलात त्याचे चार युरो वेगळे लावलेले. तिथली रीतच आहे: हात लावला नाही तर पैसे नाहीत, खाल्लंत तर द्या. मला ठाऊक नव्हतं. मी आवाज चढवला. गिरगावात वाढपी आमटी परत वाढतो, त्याचे पैसे लावतो का, असलं काहीतरी इंग्रजीत बोलत सुटले. शेजारची टेबलं गप्प झाली. आईने पाकीट उघडून नाणी एकेक करून टेबलावर मांडली, उरलेला पाव रुमालात बांधला. "पोटात गेलाय तो. भांडतेस काय?" मग हॉटेलवर पोचेपर्यंत एक शब्द नाही.

चार युरो म्हणजे तेव्हा तीनशेच्या वर, हे मी बरीच वर्षं सगळ्यांना ऐकवलं. अजूनही वाटतं, आधी सांगायला काय जात होतं त्यांचं? पण चिडले ते तेवढ्यासाठी नाही. आईला मी जग दाखवत होते, आणि तिच्यादेखत मी बावळट ठरले.

हल्ली विचारलं की आईचे गुडघे आणि तिथले चढ असं कारण देते. परवा तिकिटांचे दर बघत बसले होते. आई मागून म्हणाली, "मला विचारलंयस का कधी?" आणि चहा ठेवायला जाता जाता, "पावाचे सुटे मात्र घे बरोबर."