मांगरातील पाहुणे

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावातील मांगर 22 वर्षे बंद होता. तो दुरुस्त करून आम्ही आता तिथे पाहुण्यांना उतरायला खोली केली आहे. सिंधुदुर्गाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर मांगर म्हणजे घरापासून थोडी दूर, शेताला किंवा बागेला लागून बांधलेली जागा. तिच्या एका भागात जनावरे, दुसऱ्या भागात गवत आणि नांगर-जोते, आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत रात्री राखणीला थांबणाऱ्या माणसाचे अंथरूण. आमचा मांगर जांभ्या दगडाचा, मंगळूरी कौलांचा. एका कौलावर ‘बासेल मिशन’ आणि 1865 असे छापलेले आढळल्यावर इमारत दीडशे वर्षांहून जुनी आहे, असे मी घरभर जाहीर करून मोकळा झालो होतो. पुढे कळले की ते वर्ष मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचे आहे आणि तेच वर्ष नंतरच्या कौलांवरही छापले जात असे. मांगर बहुधा माझ्या पणजोबांच्या काळातला असावा. तेवढे वयही पुरेसे आहे.

कागदपत्रांविषयी फार लिहीत नाही. कोकणात जमीन असलेल्यांना सातबाऱ्यावरील सामाईक नावे म्हणजे काय ते माहीत आहे, आणि मुंबई-बडोद्याच्या चुलत भावंडांच्या सह्या गोळा करण्यात आमचे पाऊण वर्ष गेले.

खरी परीक्षा भिंतींनी घेतली. जांभा खाणीतून काढताना इतका मऊ असतो की हत्याराने सहज कापता येतो, आणि उघड्या हवेत राहिल्यावर तो कठीण होत जातो. मलबारात याच दगडाचे चिरे विटांसारखे कापताना पाहून फ्रान्सिस ब्युकॅनन याने 1807 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटेराइट’ म्हटले, कारण लॅटिनमध्ये ‘लातेर’ म्हणजे वीट. हा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. हे ठाऊक असूनही आम्ही पहिल्या वर्षी घाईने उत्तरेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. आमच्या वृद्ध गवंड्यांनी तेव्हाच बजावले होते, “भितीक वारो लागाक व्हयो.” आम्ही ऐकले नाही. जमिनीतून चढलेला ओलावा गिलाव्यामागे अडकला, भाद्रपदापर्यंत आतल्या बाजूला पांढरे क्षार फुटले आणि खोलीला कुबट वास येऊ लागला. दिवाळीनंतर तो गिलावा काढताना सिमेंटबरोबर चिऱ्यांचे पापुद्रेही निघून आले. ती भिंत आजही इतर तीन भिंतींपेक्षा खडबडीत दिसते. या इमारतीचे सर्वाधिक नुकसान 22 वर्षांच्या दुर्लक्षाने नव्हे, आमच्या त्या एका दुरुस्तीने केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर सर्व काम चुन्यात झाले. कळीचा चुना विरवून महिनाभर पाण्याखाली ठेवायचा, मग वाळूबरोबर घोटायचा, पातळ थर द्यायचे आणि थांबायचे, कारण चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि त्याला घाई चालत नाही. म्हणजे दसऱ्यानंतर सुरुवात आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत शेवट. मृगाच्या आत आवरले नाही तर वर्ष गेले. पण ओल सर्वांत जास्त कशाने कमी झाली असेल, तर चुन्यानेही नव्हे. वर्षानुवर्षे वाहून आलेल्या मातीने मांगराचे जोते, म्हणजे भिंतींखालचा चौथरा, जवळजवळ बुडाले होते. दोन गड्यांनी आठवडाभर खणून ते मोकळे केले आणि भोवती पागोळ्यांचे पाणी वाहून नेणारा चर काढला. संपूर्ण कामातील हा सर्वांत स्वस्त भाग होता, आणि सुरुवात त्यापासूनच करायला हवी होती.

छपराचे वासे मधोमध ठणठणीत होते. कुजली होती ती भिंतीत दबलेली टोके. सुताराने अख्खे वासे न बदलता ऐनाच्या लाकडाचे तुकडे सांध्याने जोडले. कौले उतरवून, घासून, टिचकी मारून पाहिली; खणखणीत वाजली ती परत चढली. प्रकाशासाठी मधूनमधून काचेची कौले बसवली. खाली छत मारून वातानुकूलन यंत्र बसवावे, असा सल्ला अनेकांनी दिला, पण कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते हीच या जागेची सोय असताना ती बंद करून वीजबिल भरण्यात मला अर्थ वाटला नाही. ज्यांना वातानुकूलित खोली हवी असते त्यांना आम्ही आधीच नम्रपणे नाही म्हणतो.

स्नानगृहावर मात्र तडजोड केली नाही. ते मागच्या बाजूला, स्वतःच्या वेगळ्या पायावर बांधून पडवीने जोडले, म्हणजे उद्या एखादा नळ गळला तरी पाणी जुन्या भिंतीला लागणार नाही. विजेच्या तारा भिंत न फोडता उघड्या नळीतून नेल्या. गव्हाण काढायची की ठेवायची यावर घरात बराच वाद झाला. अखेर ती ठेवली, आणि आता पाहुण्यांची मुले तिच्यात बसून पत्ते खेळतात.

खोलीला आम्ही एक बरे नाव दिले होते आणि त्याची पाटीही रंगवून घेतली होती. परंतु काकीने त्या जागी 30 वर्षे म्हशी दोहल्या आहेत. कोणी फोन करून जागा आहे का असे विचारले की ती अजूनही सांगते, “होय तर, गोठो रिकामो आसा.”